पूर्ण ताकदीनं हरवण्याचा मान

मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. मुलींच्या बास्केटबॉल संघासोबत कुणीतरी बाई हवी, म्हणून एकदा त्यांच्याबरोबर शहरात गेले. सामना दरवर्षी जिंकणाऱ्या मोठ्या कॉलेजशी होता. त्यांच्या राखीव खेळाडूंनीच अख्खा बाक भरला होता. आमच्या मुली सगळ्या मिळून सहा.

आमचं मैदान मातीचं. हॉलमधलं लाकडी कोर्ट पाहून सहाही जणींनी दारातच बूट काढले.

"अगं, बूट घालूनच खेळायचं," मी म्हटलं.

"मॅडम, इतकं चकचकीत आहे, पाय ठेववत नाही," आमची कप्तान सुनंदा लाजून म्हणाली.

मध्यंतरापर्यंत आम्ही तीस गुणांनी मागे होतो. त्यात एकीचा पाय मुरगळला. मी सुनंदाला हळूच विचारलं, "थांबायचं का गं?"

"एवढ्या लांब आलोय मॅडम, पुरतं खेळून तरी जाऊ."

मध्यंतरानंतर समोरच्यांनी आपल्या मुख्य पाच जणींना बसवलं आणि राखीव मुली उतरवल्या. आमच्या मुली मात्र जिवाच्या आकांतानं धावत होत्या. त्यांनी लागोपाठ सहा बास्केट केल्या, तेव्हा समोरच्या संघाचे प्रशिक्षक ताडकन उठले आणि मुख्य पाच जणींना त्यांनी घाईनं परत आत पाठवलं.

आम्ही हरलोच. पण समोरच्यानं आपल्याला पूर्ण ताकदीनं हरवावं, हाही एक मान असतो आणि तो कमवावा लागतो, हे मला त्या पोरींनी शिकवलं. घामानं निथळत सुनंदा माझ्याकडे धावत आली.

"मॅडम, पाहिलंत ना? आपल्यासाठी त्यांना परत यावं लागलं!"