परंदवडीत गाळलेलं आवर्तन

जायचं होतं लोणावळ्याला. परंदवडी वाटेत म्हणून धरली. चिंचवडच्या माझ्या सहकाऱ्याची मुलगी सुजाता आजोळच्या भीमगीत मंडळात पहिल्यांदाच कीबोर्ड वाजवणार होती, आणि तिच्या पुढ्यातले कागद माझे होते. मंडळाच्या सगळ्या गाण्यांची स्वरलिपी मी स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या कॉम्प्युटर प्रोग्रामने, बसवली होती. सरगम टाइप केली की पट्टी, ताल, मात्रांच्या चौकटी, सगळं एका टेम्प्लेटमध्ये आपोआप. कुठल्याही क्लासला न जाता शिकलो, हे मी सांगत असतो. कोणी विचारलं नाही तरी.

शनिवारी दुपारी स्कूटर काढली. जुन्या हायवेने सोमाटणे फाटा, तिथून डावीकडे. फाट्यावर खायला भरपूर मिळतं, पण मी पोट रिकामं ठेवलं ते बरं. सुजाताच्या मामींनी पिठलं-भाकरी आणि असा ठेचा वाढला की कान गरम झाले.

जेवताना सुजाताने कागद पुढे केला. "काका, मुखड्यानंतर इथे जागा हवी ना? आबा तिथे थांबतात."

"माणूस चुकेल, माझी स्क्रिप्ट नाही. कागदावर आहे तसं वाजव."

तिने कागद मागे घेतला.

संध्याकाळी विहारासमोर कार्यक्रम. मुख्य गायक आबा, म्हणजे तिचे आजोबा. त्यांनी मुखडा संपवला, ढोलकी थांबली, सगळे थांबले. ते एक आवर्तन, तालाचा एक पूर्ण फेरा, लोकांसाठी मोकळं सोडायची इथली रीत. त्यात अख्खी वस्ती "जय भीम" म्हणते. नेमका त्याच्यावरच सुजाताचा कीबोर्ड अंतऱ्यात घुसला. दुसऱ्या गाण्यातही तेच. आबा माइकवरूनच म्हणाले, "पोरी, दम धर की जरा! लोकास्नी बोलू दे. लय घाई तुला."

"चिंचवडची गाडी गाठायची आसंल!" मागून कोणीतरी. हशा पिकला.

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली उघडून तोंडाला लावली.

मुक्काम कुसगावला. लोणावळ्यापेक्षा खोल्या स्वस्त पडतात, फक्त गरम पाण्याचं आधी विचारून घ्या. सकाळी लॅपटॉप उघडला. सरगम टाइप करताना ती मोकळी जागा मी सोडली होती. पण स्क्रिप्टमध्ये माझाच नियम होता: रिकामं आवर्तन दिसलं की गाळायचं, तेवढीच कागदाची बचत. हा नियम सुचला तेव्हा मी स्वतःवर भारी खूश होतो.

टायगर पॉइंटला गेलो. धुक्यात दरी दिसली नाही, आणि दिसावी असं फारसं वाटलंही नाही. बाजारात चिक्की घेतली, झेरॉक्सच्या दुकानात सुधारलेले कागद छापले आणि परत परंदवडी गाठली.

दारातच सुजाताला म्हणालो, "चूक माझी होती."

"माहितीये, काका." तिने जुने कागद दाखवले. प्रत्येक मुखड्यानंतर पेन्सिलने एक रिकामी चौकट काढलेली होती.

आतून आबांचा आवाज आला, "कोन हाय?"

"कागदवाले काका."

"बसा म्हनावं, च्या घ्या! पोरीचं मनावर घेऊ नका, शिकंल हळूहळू."

आणि मी म्हणालो, "हो, शिकेल की." चहाही प्यालो.

घरी येऊन नियम खोडला. एकच ओळ होती ती. पण तो "हो" खोडता येत नाही. तिने बोलणी सगळ्या वस्तीसमोर खाल्ली होती आणि मी माफी मागितली दारात, हळू आवाजात. म्हणून हे लिहून मंडळाच्या ग्रुपवरही टाकतोय. आबांना कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवा: पोरीला घाई नव्हती. ती थांबणारच होती. थांबू नको, असं मी सांगितलं होतं.