मुंबई ते मेलबर्न, बारा तास

पत्नी गेल्यापासून मी देवापुढे हात जोडले नव्हते. सकाळी देवघरात दिवा लावत असे, पण तो तिची सवय मोडू नये म्हणून. देवळाली प्रवरेच्या शाळेत मी तीस वर्षे भूगोल शिकवला. जे मोजता येते, त्यावरच माझा भरवसा होता.

एके दिवशी पहाटे मेलबर्नहून जावयाचा फोन आला. माझ्या मुलीला, वैशालीला, सातवा महिना होता. रक्तदाब एकाएकी वाढल्यामुळे तिला दवाखान्यात हलवले होते आणि बाळ कधीही काढावे लागेल, असे डॉक्टर म्हणत होते. "बाबा, ती सारखी तुमचंच नाव घेतेय," एवढे बोलून तो थांबला. बाळंतपणाला जायचे म्हणून माझा व्हिसा आलेलाच होता. तिकिटाची तारीख अलीकडे आणून मी दुसऱ्याच दिवशी दुपारच्या विमानात बसलो.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता. पावणेदहा हजार किलोमीटर, बारा तास. अशी अंतरे मी वर्गात किती सहज फळ्यावर लिहिली होती! आता विमान समुद्रावरून मुंगीसारखे सरकत होते. फोन बंद. मुलगी कशी आहे, आहे की नाही, हे कळायला काहीच मार्ग नव्हता. जेवण आले तसे परत गेले.

शेजारी नऊवारी नेसलेल्या, माझ्याहून वयाने मोठ्या बाई बसल्या होत्या. कोपरगावकडच्या, मुलाकडे निघालेल्या. बराच वेळ माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "गुरुजी दिसताय. काय झालंय?"

मी सगळे सांगितले. कुणाला सांगितले नव्हते तेही, की पत्नी गेली तेव्हाही मी वेळेवर पोहोचलो नव्हतो.

त्या म्हणाल्या, "आमचं मालक गेलं तवा ल्योक तिकडंच हुता. यायला दोन दिस लागलं. लई रडला. म्या त्याला म्हनलं, तू न्हाई पोचला, पर देव पोचला हुता. म्या बघितलंय, मालकांचं तोंड शांत हुतं." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुमी काय इमान ढकलनार हाय का? सोपवा त्याच्यावर."

मी डोळे मिटले आणि हात जोडले. मागणे सुचलेच नाही. 'तुझ्या हाती' एवढेच मनात आले. मग मला झोप लागली.

विमान उतरल्यावर फोन सुरू केला, तर जावयाचा निरोप आलेला होता. मी आकाशात असतानाच वैशालीला मुलगी झाली होती, मूठभर, पण श्वास घेणारी. वैशाली शुद्धीवर होती. ती वेळ माझ्या हात जोडण्याची होती का, याचा मी शोध घेतला नाही. बाहेर गर्दीत त्या बाईंना वाकून नमस्कार केला. त्यांचे नाव विचारायचे राहून गेले.

नात बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. आज ती तिकडे घरभर रांगते. मी काही मोठा भक्त झालेलो नाही. मुलीने फोन उचलला नाही की अजूनही जीव घाबरा होतो. अशा वेळी मी थोडा बसतो, डोळे मिटतो. माझा हात जिथे पुरत नाही, तिथेही कुणीतरी उशाशी बसलेले असते, हे मला आता कळले आहे.