शेवंताबाईनं दार लावलं नाही

प्रसेनजीत लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगची कामं घ्यायचा. एका दुपारी तो कोडोलीच्या शेवंताबाईच्या सोप्यात येऊन बसला आणि म्हणाला, "काकी, झॉम्बीचा पिक्चर काढायलोय."

"झोंबी? म्हंजे कुस्तीचा व्हय?"

"न्हाय वो. मेलेली माणसं उठून चालायला लागत्यात, त्यो."

शेवंताबाईचा शेंगा फोडणारा हात थांबला. "कशानं उठत्यात?"

त्यानं गोष्ट सांगितली. जुनी विहीर. तिच्या तळाशी कुण्या काळी काहीतरी वाईट कोंडून वर तांब्याचं झाकण ठोकलेलं. गाळ काढताना ते फुटतं आणि गावातले मेलेले एकेक उठून आपापल्या घरी यायला लागतात.

"तुम्ही आई. पोरगा दारात येतोय, तुम्ही वळखताय, आन् दार लावताय. न्हाय लावलं तर त्यो चावंल. बास, एवढंच काम."

हे सांगताना त्याची मान खाली होती. शेवंताबाईचा मुलगा संघर्ष आणि तो शाळेत एका बाकावरचे. संघर्ष पुण्याला कंपनीत होता. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला आणि तिकडंच त्याला अग्नी दिला. घरी बौद्ध रीतीनं पुण्यानुमोदन केलं, त्याला घरची चार माणसं होती आणि फोटो होता. तोंड बघायला मिळालं नाही, हे शेवंताबाई कधी कुणापाशी बोलली नव्हती. त्या साली कितीतरी जणींना मिळालं नव्हतं, मग आपण काय वेगळं सांगायचं?

लेक मनाली चिडली. "आई, कशाला नसतं उकरून काढतीस? आणि आपल्यात भुतंखेतं मानतात का?"

"न्हाय मानत," शेवंताबाई म्हणाली. "पिक्चर हाय गं." पण त्या रविवारी तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं.

शूटिंग भर उन्हात, शेवंताबाईच्याच दारात होतं. रात्र नंतर कॉम्प्युटरवर करणार होते. पोरांनी तोंडाला मुलतानी माती फासली होती, डोळ्यांखाली काजळ. रक्त म्हणून काकवीत लाल रंग कालवलेला, त्यामुळं मेलेल्यांच्या मागं माश्यांचं मोहोळ. बघायला जमलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. पोराचं काम वडगावच्या धान्य दुकानदाराच्या जिनेशला दिलं होतं. उंची, चण, सगळी संघर्षसारखी. हे मुद्दाम केलं का योगायोगानं झालं, प्रसेनजीतला कुणी विचारलं नाही.

कॅमेरा सुरू झाला. जिनेश एक पाय ओढत उसाच्या पट्ट्यातनं आला, अंगण ओलांडून उंबऱ्यापाशी थांबला आणि घशातनं घरघरला. शेवंताबाईचा हात दारावर होता.

"लई उशीर केलास," ती म्हणाली.

तिनं दार पुरतं उघडलं. पदराच्या शेवानं त्याच्या हनुवटीवरची काकवी पुसली, मग गालावरची माती. "किती वाळलायस. ये, आत ये. भाकरी टाकते."

चावायचं सोडून जिनेश मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या काजळाचे ओघळ गालावर उतरले. कट म्हणायचं कुणाला सुचलंच नाही.

मग प्रसेनजीत पुढं आला. "काकी, दार लावायचं हुतं."

"लावते की. परत घे."

परत घेतलं. पुन्हा तिचा हात दारावरच राहिला. "माझ्यानं न्हाय हुयाचं रं," ती म्हणाली. "त्या वक्ताला मला कुणी इच्यारलं न्हवतं. आता इच्यारतोयस, तर न्हाय म्हणते."

शेवटी शेजारच्या वर्षाराणीला शेवंताबाईचं लुगडं नेसवलं. वर्षाराणीनं दार असं आपटलं, की वरनं एक कौल घसरलं. प्रसेनजीत खूश झाला. शेवंताबाई मागं गोठ्यात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तो आवाज ऐकून म्हैस दचकली, ती नाही.

पिक्चर यूट्यूबवर आला. पोरांनी काकवीच्या रक्ताची खिल्ली उडवली आणि महिन्याभरात विसरली. शेवंताबाईचा तुकडा पिक्चरात नव्हता. तो प्रसेनजीतनं मनालीच्या फोनवर निराळा पाठवला.

शेवंताबाईनं तो चुलीपुढं बसून बघितला. मग पुन्हा. मग मनालीला हाक मारली. "ह्यो कोण गं?"

जिनेशच्या मागं, उसाच्या कडेला, कोणीतरी उभं होतं. तोंडाला माती नाही, काजळ नाही. हात खाली सोडून नुसता घराकडं बघणारा.

"गडी असंल कुणाचातरी," मनाली म्हणाली. पण तिनं फोन पटकन परत दिला.

प्रसेनजीतला फोन लावला. "काकी, बघून सांगतो," तो म्हणाला. त्याला सहा महिने झाले. बाजारात गाठ पडते, तेव्हा तो मनालीची, म्हशीची, पावसापाण्याची चौकशी करतो आणि गाडीला किक मारतो.

बोटांनी चित्र मोठं करायचं शेवंताबाई आता शिकली आहे. मोठं केलं की तो माणूस फुटतो, नुसते हिरवे-करडे चौकोन उरतात. म्हणून ती करत नाही. दुपारी, भांडी झाल्यावर, लहानच ठेवून बघते.