कंडक्टरभाऊंचे कॉलेजवाले

कंडक्टरभाऊंनी आमच्यापैकी कुणालाही कधी नावानं हाक मारली नाही. गडचिरोलीहून धानोऱ्याला परतणाऱ्या एस.टी.त आम्ही सगळे एकच होतो. "कॉलेजवाले, मांगं सरका! कॉलेजवाले, खिडकी लावा!" बी.ए., बी.कॉम., पहिलं वर्ष, शेवटचं वर्ष, त्यांना सारखंच. वडिलांची धानोऱ्याला बदली झाली म्हणून मी नागपूरचं कॉन्व्हेंट कॉलेज सोडून आले होते. कुणाशी बोलत नव्हते. पण त्या हाकेत मीही मोजली जायची, आणि ते मला आवडायचं.

परीक्षा असली की ते स्वतःची सीट आम्हाला वाचायला देत. एकदा मोहाची टोपली घेऊन उभी असलेली म्हातारी चिडली, "कॉलेजले जागा, अन् मी का लाकूड आहो का?"

"बाई, तुह्या टोपलीचा पेपर हाये का उद्या?" ते म्हणाले. गाडी हसली. मग त्यांनी म्हातारीलाही माझ्या शेजारी दाटीवाटीनं बसवलं.

त्याच वर्षी जंगलात बंदूकवाले फिरतात असं ऐकू येऊ लागलं. त्यांच्यात शिकलेली पोरं आहेत, असंही लोक म्हणत. पोलिसांच्या गस्तीची जीप एस.टी. अडवायची आणि पहिला प्रश्न असायचा, "कॉलेजवाला का?" मुलं वह्या शर्टात लपवू लागली. एकानं कंडक्टरभाऊंना विनवलं, "भाऊ, जोरात नका म्हणू ना कॉलेजवाले."

"काऊन? चोरी केली का तुमी?" असं म्हणून ते आणखी मोठ्यानं ओरडले.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी जीप आडवी उभी होती. दोन्हीकडे साग, उजेड सरत आलेला. साहेब गाडीत चढले आणि दसरूसमोर थांबले. दसरू माझ्या वर्गातला, आतल्या गोंडी गावचा, माझ्याइतकाच अबोल.

"काय करतो?"

"काई नाई. घरीच राह्यतो," दसरू म्हणाला.

शिपायानं त्याची पिशवी उलटी केली. पुस्तकं पडली. खोटं बोलला म्हणून त्याला खाली ओढलं. आदल्या आठवड्यात असाच खाली उतरवलेला एक मुलगा अजून घरी आला नव्हता.

"साहेब, कॉलेजवाला हाये तो. रोज चढते," कंडक्टरभाऊ म्हणाले.

"गाडी काढ!" साहेबांनी ड्रायव्हरला फर्मावलं.

"घंटी नाई झाली, साहेब," ड्रायव्हर पुढेच बघत बोलला. कंडक्टरनं डबल घंटी दिल्याशिवाय एस.टी. हलत नाही.

कंडक्टरभाऊ दोरीखाली उभे होते, हात खाली सोडून. "माह्या गाडीतला पॅसेंजर खाली हाये. घंटी कशी देऊ?"

"दे ना घंटी!" मागून कुणीतरी रडवेल्या आवाजात ओरडलं. "सगळ्यायले मारून राह्यला का?"

कंडक्टरभाऊ हलले नाहीत. फक्त माझ्याकडे वळले. "ही बाई त्याच्याच वर्गातली. विचारा."

टॉर्चचा उजेड माझ्या तोंडावर आला. भीतीनं माझं मराठी पळालं. जे काही बोलले ते इंग्रजीत बोलले: तो माझ्या वर्गात आहे, माझ्या मागच्या बाकावर बसतो. इंग्रजी ऐकून साहेबांनी टॉर्च खाली केला. मग त्यांनी दसरूला सोडायची खूण केली.

दसरू चढला. कंडक्टरभाऊंनी दोरी दोनदा ओढली. मग ते स्वतःच्या सीटवर बसले. मी त्यांना गाडीत बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

"पुढं साफ सांगजो, कॉलेजवाला आहो म्हणून."

"भेव लागते, भाऊ," दसरू म्हणाला.

"मलेबी लागते."



महिन्याभरात त्यांची अहेरीकडे बदली झाली. त्या संध्याकाळमुळेच झाली का, हे कुणी विचारलं नाही. नवा कंडक्टर आम्हाला काहीच म्हणत नसे. जीप दिसली की तो खिडकीबाहेर पाहायचा. दसरू मात्र परीक्षेपर्यंत रोज सकाळी त्याच्या गावच्या फाट्यावर उभा असायचा. त्याचे ओठ सुकलेले असत, आणि पुस्तकं हातात, उघड दिसतील अशी.