निवाल्दोचा राउटर आणि अकराचं पाणी

मंगळवार, १२ मार्च २०१३. रेशनचा पाव आला, कालच्यापेक्षा लहान. रेशनच्या कॉफीत दळून मिसळलेले वाटाणेच आज जास्त. अकराला पाण्याचा पंप लावला; इमारतीत ते काम माझं. गच्चीवरून निवाल्दो ओरडला. त्यातले दोन शब्द इथे लिहिणार नाही. त्याचा राउटर मेला म्हणे. कपाटावरच्या छतातला ओलीचा डाग खिडकीकडे सरकला आहे.

निवाल्दो कार्मेनाते माझ्या डोक्यावर बसलेला आहे, आणि हे मी शब्दशः म्हणते. मी चौथ्या मजल्यावर, तो वर गच्चीत. पूर्वेकडच्या बायामोहून आला तेव्हा आठवडाभरासाठी कोपरा मागितला होता. मग फळ्या आल्या, पत्रे आले, दाराला कडी आली. पाण्याच्या टाकीतून त्याने परस्पर एक नळ काढला. तो अंघोळीला बसला की माझ्या छताला घाम फुटतो, नेमका माझ्या नवऱ्याच्या, एवेलियोच्या, कपाटावर. आत एवेलियोचे बोटीवरचे गणवेश आहेत.

बायामोत तो सरकारी दुकानात रशियन टीव्ही दुरुस्त करायचा. टीव्ही संपले, दुकान संपलं, बायको बसच्या कंडक्टरबरोबर गेली. हवानात राहायचा परवाना त्याच्याकडे नाही. या शहरात त्याचा पत्ता म्हणजे आमची गच्ची. ती सुटली की पोलीस त्याला पूर्वेकडच्या गाडीत बसवणार. मी नेमकं तेच मागत होते. तसा अर्जही केला होता.

बाकीच्यांनी त्याला खपवून घेतला तो एका डब्यासाठी. रंगाच्या फुटक्या बादलीत त्याने राउटर आणि अँटेना लपवली होती. आमच्याकडे घराघरात इंटरनेट कुठलं? पण पोरांनी गच्च्यागच्च्यांवरून शहरभर आपलं जाळं विणलं आहे. त्यावर खेळ, मालिका, गप्पा, भांडणं. आमच्या इमारतीचा टाका निवाल्दोच्या बादलीत.

पण डबा स्वस्तातला, मेमरी चिमणीच्या पोटाएवढी. संध्याकाळी सगळे जोडले गेले की तो गुदमरायचा. आधी पोरं शिव्या द्यायची, मग बापही देऊ लागले. जाळं चालत नसेल तर हा माणूस वर कशाला, असं जिन्यात बोललं जाऊ लागलं. रहिवाशांची प्रमुख सेनाइदा हिने रविवारी बैठक ठेवली. माझ्या अर्जावर हात वर व्हायचे होते.

म्हणून त्याची धावपळ. राउटरमधलं कंपनीचं फर्मवेअर, म्हणजे तो चालवणारा प्रोग्राम, काढायचं आणि जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, फुकट वाटलेलं दुसरं घालायचं. ते हलकं चालतं म्हणे, पण डब्यात मावेना. त्याने ते छाटत आणलं. सेटिंगची पानंसुद्धा काढून टाकली. ‘आता त्याला तोंड नाही, नुसते कान आहेत,’ असं जिन्यात सांगत होता.

मंगळवारी त्याने वरून हाक दिली. "मदर सुपीरियर! मी सांगेपर्यंत पंप लावू नका. लिहिणं अर्ध्यात तुटलं तर डबा खलास!"

"अकराला पाणी सोडायचं ठरलेलं आहे, नागरिक. तुमचा डबा पाणी पीत नाही. माणसं पितात."

त्याची वीज पंपाच्याच तारेवरून चोरलेली. अकरा वाजले, मी खाली जाऊन पंप लावला. मोटर सुरू होताना विजेचा दाब पडला आणि डबा अर्ध्या वाक्यात गेला. चार मजल्यांवर लोक बादल्या घेऊन उभे होते. मला वाईट वाटलं नाही.

गुरुवारी सेनाइदा आली. त्या आठवड्यात विजेचा नेम नव्हता. माझं स्वयंपाकघर मात्र इस्पितळाच्या तारेवर आहे, तिथली वीज जात नाही.

"ओर्तेन्सिया, राणी, त्याला तुझ्या स्वयंपाकघरात बसू दे."

"रविवारी हाकलायचा, आणि आज पाहुणा करू?"

"माझा नातू मंगळवारपासून घरात बसून माझं डोकं खातोय. आणि ऐक, लोक म्हणताहेत डबा तूच मारलास. मग तुझ्या अर्जावर कोण हात वर करेल?"

तो आला. पाय पुसले नाहीत.

"इथे चर्चसारखा वास येतो," म्हणाला.

"म्हणजे तुम्हाला अनोळखी."

त्याने लॅपटॉप मांडला, केबल लावली. डबा पुरता मेलेला नाही, म्हणाला. वीज मिळाली की काही क्षण तो एका ठरलेल्या पत्त्यावर हाक मारतो. तिथे कोणी फाइल घेऊन उभा असेल तर ती घेतो, नसेल तर पुन्हा गप्प. त्याच वेळी मागच्या भोकातलं बटण टाचणीने दाबून धरायचं. केबलची खुंटी तुटलेली, तीही धरायची.

"मला तिसरा हात नाही. विजेचं बटण तुम्ही दाबा."

"मी?"

"पंपाचं जमतं ना?"

एवेलियोने बोटीवरून आणलेल्या लाकडी बोर्डाचं बटण मी दाबलं. काही नाही. पुन्हा. केबल निसटली. त्याने बायामोकडची एक शिवी दिली, मी क्रूसाची खूण केली. तिसऱ्या वेळी दिवे भराभर लुकलुकले.

"घेतोय," तो कुजबुजला. "आता हात काढा."

मी काढला नाही. तो लॅपटॉपच्या पडद्याकडे बघेना, दिव्यांकडेही बघेना. माझ्या बोटाकडे बघत होता.

तेवढ्यात इमारतीच्या चौकातून बादल्या बडवल्या गेल्या. "ओर्तेन्सिया! अकरा वाजले! झोपलीस का?"

"सेन्योरा," तो म्हणाला. असं त्याने मला कधी म्हटलं नव्हतं. "बायामोत माझं कोणी नाही."

"तो डाग दिसतो? दारातून बघा, कपाटावर."

"दिसतो."

"बघत बसा."

बोट जरा दाबायचं होतं, बस, वीज तुटली असती आणि डबा खलास. पण मला तो मतांनी जायला हवा होता. माझ्या बोटाने गेला असता तर इमारतीने त्याचा हुतात्मा केला असता. हुतात्मे मेल्यावर जास्त जागा अडवतात, हे शाळेत नन्सनी शिकवलेलं मी विसरलेले नाही. खाली बादल्या वाजत राहिल्या. मी उभी राहिले. शेवटी एक दिवा स्थिर झाला.

त्याने सामान काखेत मारलं. आभार नाहीत. दारातून म्हणाला, "बटण छान दाबता, मदर." मग मी पाणी सोडायला गेले आणि चारही मजल्यांची बोलणी खाल्ली.

तेव्हापासून डबा एकदाही गुदमरला नाही. रविवारी सेनाइदाने विचारलं, "अर्जाच्या बाजूने?" एकच हात वर झाला, माझा. सगळ्यांना नीट दिसेपर्यंत मी तो खाली घेतला नाही.

"पण गच्चीला डांबर लावायचं, निवाल्दो," सेनाइदा म्हणाली.

"डांबर आलं की लगेच!"

सगळे हसले. डांबर कधी येतं हे सगळ्यांना माहीत आहे.

रविवार, १७ मार्च. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. मागे पत्र्याची बादली ठेवली.