टफीचे केस

वर्तकनगरच्या जुन्या वसाहतीत तळमजल्यावर ह्युबर्ट आणि थेल्मा राहतात. ईस्टर झाला आणि थोड्याच दिवसांत थेल्माला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला. बोलणं परत आलं, पण एकेक शब्द ओढून काढावा लागायचा. तेव्हापासून तिची आंघोळ, तिची पेज, औषधं, कपडे, भांडी सगळं ह्युबर्टच्या अंगावर आलं. जन्मभर कारखान्यात लेथवर उभा राहिलेला माणूस, पण असं दमणं त्याला तेव्हाही ठाऊक नव्हतं. सकाळी उठतानाच तो थकलेला असायचा.

त्यात टफी. थेल्माचा ल्हासा कुत्रा, केस पार जमिनीला टेकणारे. रोज दुपारी ती त्याला मांडीवर घेऊन विंचरायची, डोळ्यांवरच्या केसांना रबर लावायची. आता विंचरणारं कुणी नव्हतं. कानांमागे, काखेत, शेपटीखाली केसांचा गुंता होऊन गाठी धरल्या होत्या आणि अंगाला कुबट वास यायला लागला होता. ह्युबर्टने एकदा त्याला कुत्र्यांचे केस कापणाऱ्या दुकानात नेलं, तर तो तिथल्या माणसाला चावला. पुन्हा आणू नका, असं त्यांनी हात जोडून सांगितलं.

मुलगी क्रिस्टल कल्याणला राहायची. तिने फोन केला.

"डॅडी, माझ्या ऑफिसातल्या मेघनाला कुत्रा पाहिजे. रविवारी येऊन घेऊन जाईल."

"आणि ममाला कोण सांगणार?"

"मी सांगते."

"नको. मी बघतो," ह्युबर्ट म्हणाला. पण थेल्माला काही सांगायचं त्याचं धाडस झालं नाही.

निदान बरा दिसावा म्हणून शनिवारी सकाळी त्याने टफीला बाथरूममध्ये नेलं आणि शॅम्पू लावून खसाखसा धुतलं. पाणी पडल्यावर गाठी जास्तच आवळल्या, ओल्या गोधडीच्या चिंधीसारख्या घट्ट झाल्या. ह्युबर्टने कंगवा घातला आणि ओढला. टफी किंचाळला आणि त्याच्या अंगठ्याला कडकडून चावला.

"मर मेल्या!" ह्युबर्ट ओरडला. टफीवर तो असा कधीच ओरडला नव्हता. कुत्रा बादलीमागे जाऊन थरथरत बसला. ह्युबर्टने अंगठा नळाखाली धरला, साबणाने धुतला आणि ओल्या फरशीवर तसाच बसून राहिला. उठावंसंच वाटेना.

"ह्युबर्ट," आतून थेल्माचा आवाज आला. "इकडं... आण."

त्याने पलंगावर जुनी चादर अंथरली आणि टफीला तिच्याजवळ ठेवलं. टफीने लगेच तिच्या डाव्या बगलेत तोंड खुपसलं.

"आधी पाणी... नाय," ती म्हणाली. "आधी... सोडवायचं."

"आता झालं ना गो. पुढे काय करू ते सांग."

"सुकव."

त्याने टॉवेलने पुसून टेबलफॅन लावला. केस सुकल्यावर गाठी सैल व्हाव्यात म्हणून तिने त्यांवर कॉर्नफ्लॉवर भुरभुरायला लावलं. कातडी आणि कात्री यांच्यामध्ये कंगवा धरायचा, म्हणजे कातडी कापणार नाही, हेही तिनेच सांगितलं. टफीचं डोकं तिने डाव्या हाताने धरून ठेवलं होतं. ह्युबर्टचा हात जरा जड पडला की म्हणायची, "खेचतोस. थांब." काही गाठी बोटांनी सुटल्या, बाकीच्या कापाव्या लागल्या. कानामागची कातडी लालभडक झाली होती. ती बघून थेल्माने डोळे मिटले.

मग म्हणाली, "कुणाला... देतोस?"

ह्युबर्टची कात्री थांबली. "तुला कोण बोललं?"

"फोनवर... बोलत होतास. मी बहिरी नाय."

"मला नाय झेपत, थेल्मा," तो म्हणाला. "तुझं करतो, घरचं करतो. ह्याचं पण करायचं म्हणजे... मी दमलोय गो."

इतक्या महिन्यांत हे तो पहिल्यांदाच बोलला. थेल्माने टफीच्या पाठीवरून हात फिरवला.

"माहीत हाय," ती म्हणाली. "सगळे काप. बारीक. मग रोज... विंचरायला नको."

ह्युबर्ट तिच्याकडे बघतच राहिला. या केसांना टोकापलीकडे कुणाला कात्री लावू न देणारी ही बाई.

त्याने सगळे कापले. जेवणाची वेळ टळून गेली. टफी निम्मा उरला, कुठे कमी कुठे जास्त, उंदरांनी कुरतडल्यासारखा. थेल्माच्या वाकड्या ओठांतून हसू फुटलं आणि ह्युबर्टलाही आवरेना.

संध्याकाळी त्याने क्रिस्टलला फोन केला.

"डॅडी, मी तिला हो म्हटलंय!"

"मग आता नाय म्हण. टफी राहू दे इथंच."

"आणि तू आजारी पडलास तर?"

चावलेल्या अंगठ्यासाठी त्याला इंजेक्शनांच्या फेऱ्या माराव्या लागल्या, त्या दिवसांत क्रिस्टल रजा काढून थेल्माजवळ थांबली. आल्या आल्या नाक मुरडायची आणि जाताना टफीच्या कानामागे मलम लावून जायची.

केस पुन्हा वाढतात. दर शनिवारी दुपारी पलंगावर चादर पडते, थेल्मा डोकं धरते, ह्युबर्ट कंगवा फिरवतो. काही वेळा हातात कंगवा तसाच राहून त्याचा बसल्या जागी डोळा लागतो. थेल्मा टफीला गप्प धरून ठेवते, त्याला उठवत नाही.