तिला टेम्पोत मीच चढवलं

बंगळुरूच्या मल्लेश्वरममधल्या आमच्या गल्लीत मला 'नायी-अण्णा' म्हणत. नायी म्हणजे कन्नडात कुत्रा. लोकांनी टाकलेली कुत्री माझ्याकडे यायची आणि मी ती कुठे ना कुठे खपवायचो. खपवायचो, हाच शब्द बरोबर आहे. त्यातली बरीच चांगल्या घरी गेली, हेही खरं. एकीबद्दल मात्र मी आजवर कुणाशी धड बोललो नाही.

समोरच्या घरात पुण्याहून आलेलं तरुण जोडपं राहायचं, दोघंही कॉम्प्युटरच्या नोकरीत. अमेरिकेचा व्हिसा आला, फ्रिज-कपाट विकून झालं, उरली कुत्री. "काका, तुम्ही बघालच काहीतरी," म्हणत त्या मुलीने पट्टा माझ्या हातात दिला आणि डोळे पुसत टॅक्सीत बसली.

तांबूस रंगाची, उभ्या कानांची होती ती. नाव लिहीत नाही. हाक मारल्यासारखं होईल.

मादी कुणालाच नको असायची. "गंडा, हेण्णा?" नर की मादी, हा पहिला प्रश्न, आणि उत्तर ऐकलं की "बेडा, सार," म्हणजे नकोच. पिल्लांची कटकट कोण निस्तरणार? आमच्याकडे आधीच दोन होती. तिसरं आणलंत तर घर रिकामं करा, असं खाली राहणाऱ्या घरमालकांनी बजावलं होतं. नवे भाडेकरू येईपर्यंत ती समोरच्या रिकाम्या आवारात राहिली. मी दहीभात नेऊन द्यायचो. शेवटी शहराबाहेर पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याला राखणीसाठी कुत्रा हवा होता, मादीही चालेल म्हणाले. तेवढी एकच जागा.

आमची आई मांजरीची पिल्लं पिशवीत घालून, गोल गोल फिरवून लांब सोडायला लावायची, म्हणजे परतीची वाट कळत नाही. मी तिचे डोळे पंच्याने झाकले आणि रिक्षा मुद्दाम आडवाटेने फिरवायला लावली. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "किडनॅपा, सर?" मी हसलो. ती मांडीवर थरथरत होती.

आठवडाही झाला नाही, ती भर दुपारी आमच्या फाटकाशी उभी. पंजे सोलवटलेले.

"अहो, आलीय ती," खिडकीतून बायको म्हणाली. "पाणी तरी देते."

"नको. एकदा जवळ घेतलं की तिथे टिकायची नाही."

"मग काय बघत बसायचं?"

"बघूही नकोस. खिडकी लाव."

मी कारखान्यात फोन केला. टेम्पो येईपर्यंत आम्ही घरात नसल्याचं सोंग केलं. रेडिओ बंद केला, कुजबुजत बोललो. आमची दोन्ही आतून भुंकत होती आणि बाहेर तिचं शेपूट फाटकाच्या पत्र्यावर आपटत होतं. आम्ही आत आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं.

टेम्पोतून कारखान्याचा राखणदार उतरला. त्याच्या हातात दोरी होती. ती त्याच्यावर गुरगुरली तसा तो खालूनच ओरडला, "अण्णा, स्वल्प बन्नी, जरा या इकडे! तुमची लाडकी मला फाडून खाईल. तुम्हीच चढवा तिला."

मी खाली गेलो. तिने माझ्या पायावर डोकं टेकलं. मी टेम्पोच्या फळीवर हात आपटला आणि म्हणालो, "चल." तिने टुणकन उडी मारली आणि बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली.

राखणदाराने फळी लावली.

पुन्हा ती आली नाही. "रुळली बघा," शेजारी म्हणाले. मीही तेच म्हणत राहिलो. कारखान्याचा नंबर माझ्याकडे होता. तिला साखळीला बांधून ठेवलंय का, एवढंच विचारायचं होतं. अनेकदा रिसीव्हर उचलला. पण "हो" म्हणाले असते, तर तिला आणून ठेवणार कुठे होतो? म्हणून मी विचारलंच नाही.